अर्ध्या पानाची आफ्रिका

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गुडघे, डोळे, आणि थोडा आळस. असो.

गेल्या १२ डिसेंबरला नैरोबीहून पुतणीचा फोन आला. त्या दिवशी तिकडे सुट्टी असते. १९६३ साली याच तारखेला केनिया स्वतंत्र झाला. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी तिला सहज विचारलं होतं, "आम्ही झगडत होतो तेव्हा तुमची माणसं काय करत होती?" तिने तो प्रश्न माझ्याकडे सरकवला. "काका, तुम्ही इतिहास शिकवायचात ना?"

शिकवायचो खरा. पण आफ्रिकेचं स्वातंत्र्य म्हणजे पुस्तकाच्या शेवटी अर्धं पान. तिथे पोचेपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली असायची. "घरी वाचून घ्या रे," म्हणून मी पान उलटायचो. निवृत्तीनंतर मात्र थोडं वाचन झालं, म्हणून तिला दोन नावं तरी सांगता आली.

पहिलं आपल्या साताऱ्याकडचं. औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत. १९४८ साली नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. तिथे गोऱ्या मळेवाल्यांनी चांगल्या जमिनी बळकावलेल्या, किकुयू लोक आपल्याच मुलखात मजूर झालेले. आप्पासाहेबांनी साहेबांच्या पार्ट्यांपेक्षा आफ्रिकी पुढाऱ्यांशी मैत्री जास्त केली. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९५२ साली माऊ माऊ बंडाच्या निमित्ताने आणीबाणी आली, तेव्हा हा माणूस इंग्रजांच्या डोळ्यांत आणखीच खुपू लागला. तक्रारी झाल्या आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवावं लागलं.

दुसरे पिओ गामा पिंटो, मूळचे गोव्याचे. जन्म नैरोबीचा, १९२७ चा. शिक्षण इकडे भारतात. तरुणपणी मुंबईत राहून गोवामुक्तीच्या कामात पडले, मग १९४९ ला केनियात परतले आणि तिथल्या लढ्यात उतरले. १९५४ ला अटक झाली ती १९५९ पर्यंत सुटका नाही. स्वतंत्र केनियात खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या दारातच त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत मागे त्यांची लहान मुलगी बसलेली होती.

पुतणी खूश झाली. "म्हणजे आपले लोक चांगले होते तर!" मी "हो" म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र मामा आठवला.

माझा मामा १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला गेला होता. त्या १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण गेले. मामा वाचला, पण पकडला गेला. मारहाण करून त्याला हद्दीबाहेर ढकलून दिलं. खांद्यावर बंदुकीच्या दस्त्याचा वण शेवटपर्यंत होता. मारणारा शिपाई काळा होता. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींमधून सैनिक आणून गोव्यात ठेवले होते, त्यांतला तो. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, राग नाही येत त्याचा?" मामा तंबाखू मळत म्हणायचा, "त्याना बी देश गुलामच व्हता ना भाऊ."

गोवा १९६१ च्या डिसेंबरात सुटला. अंगोलात त्याच वर्षाच्या सुरुवातीला लढाई पेटली होती, ती पुढे तेरा वर्षं चालली. १९७४ च्या एप्रिलमध्ये खुद्द लिस्बनमध्ये सैन्यानेच हुकूमशाही उलथवली, आणि १९७५ च्या जूनमध्ये मोझांबिक, नोव्हेंबरात अंगोला मोकळा झाला. तो शिपाई या दोहोंपैकी कुठला होता, मामाला ठाऊक नव्हतं. पेपरात बातमी आली त्या दिवशी एवढंच म्हणाला, "तो बी सुटना."

आता उलट बाजू बघा. १८६८ मध्ये इंग्रजांनी हबसाणावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर स्वारी केली. ती फौज कुठली? मुंबईची! तिच्यात आपले देशी शिपाई हजारोंनी होते. मामाच्या खांद्यावर ज्याने दस्ता हाणला त्याच जागी तिकडे आपण उभे होतो.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या खानदेशात १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभारली, ठाणं धरणगावला. १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईकांच्या माणसांशी इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला ही पलटणही होती. भिल्लांवर भिल्ल.

पुतणीला यातलं काही सांगितलं नाही. आणखी एक गोष्टही सांगितली नाही.

एका वर्षी कधी नव्हे ते ते अर्धं पान मी वर्गात घेतलं. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला, सरहद्दी पट्टीने आखल्या. साक्रीकडचा एक भिल्ल मुलगा होता, एरवी कधी तोंड न उघडणारा. तो उभा राहून म्हणाला, "सर, या रेघा इतक्या सरळ कशा?" मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "बस रे हबशी!" वर्ग हसला. मीही हसलो. त्याच वर्षी मी त्यांना मलिक अंबर शिकवला होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा. हबशी या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता.

हसणं थांबल्यावर मी त्याला म्हणालो, "परीक्षेला येत नाही ते." तो बसला. वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही त्याने.

उत्तर असं आहे. १८८४-८५ मध्ये युरोपातल्या सत्ता बर्लिनला जमल्या आणि आफ्रिका वाटून घ्यायचे नियम त्यांनी ठरवले. त्या बैठकीला एकही आफ्रिकी माणूस नव्हता. पुढे सरहद्दी आखताना खाली कोण राहतं हे फारसं कुणी पाहिलं नाही, कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या. म्हणून त्या सरळ.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे, माहीत नाही. पुतणी मात्र हा ब्लॉग वाचते. तिला उरलेलं उत्तर इथेच मिळेल.