जागी राहणारी मैत्रीण

बंगळुरूच्या इंदिरानगरात किंवा कोरमंगलात एखादी तरुणी अ‍ॅपवर ओळख झालेल्या मुलाला पहिल्यांदा भेटते, तेव्हा टेबलाशी दोघंच असतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला मात्र तिचं लाइव्ह लोकेशन उघडं ठेवून मैत्रीण जागी असते. ‘पोचलीस?’ ‘बरा आहे का गं?’ ‘घरी येतेस की थांबतेस?’ थांबायचं ठरलं, तर पत्ता पाठवला जातो. उपदेश कुणी करत नाही.

एका रात्रीपुरत्या संबंधात जबाबदारी नसते असं मानणाऱ्यांनी हे जागरण पाहायला हवं; काळजी म्हणतात ती हीच.

मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचं ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ हे पुस्तक १९८२ मध्ये आलं आणि काळजी हा नीतिविचाराचा विषय झाला. १९९३ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासक जोन ट्रोंटो यांनी पुढचा, राजकीय प्रश्न विचारला: हे काम कुणाच्या अंगावर पडतं आणि कोण त्यातून सुटतं? आपल्याकडे तर काळजीच्या जागी रक्षणाची भाषा येते. २०१६ च्या शेवटच्या रात्री बंगळुरूच्या एम. जी. रोड आणि ब्रिगेड रोडवर मुलींचा विनयभंग झाला, तेव्हा राज्याचे गृहमंत्री तरुणांच्या पाश्चात्त्य पेहरावाबद्दल बोलले. जानेवारी २००९ मध्ये मंगळुरूच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली, तीही संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली.

असलं रक्षण बाईला घरात बसवतं. मैत्रिणीची सोबत तिला बाहेर पडू देते. मुंबईचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’मध्ये (२०११) बायकांसाठी धोका पत्करण्याचा हक्क मागितला, तो याच जाणिवेतून. बंगळुरूत जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लँक नॉइज’ या छेडछाडविरोधी गटाचा ‘मीट टू स्लीप’ हा उपक्रम तर फारच धीट: बायकांनी कब्बन पार्कसारख्या बागेत यायचं आणि एकमेकींच्या भरवशावर हिरवळीवर चक्क झोपायचं. शरीर निर्धास्त सोडता येणं, हीच सुखाची पहिली अट नव्हे का?

पण हा भार मैत्रिणींनीच का वाहावा? कंडोम जवळ ठेवणं, नकार पहिल्याच शब्दात ऐकणं, ती घरी पोचली का हे विचारणं, ही त्या मुलाचीही कामं आहेत; मग नातं एका रात्रीचं का असेना. शहराकडेही काम आहे. मुलींच्या कित्येक पीजींचं (पेइंग गेस्ट निवासांचं) फाटक रात्री दहाला बंद होतं, आणि पालकांना त्याचाच दिलासा वाटतो. अकरा वाजता तिला त्या परक्या घरातून निघावंसं वाटलं, तर तिची खोली बंद फाटकाच्या आत असते, आणि जागी असलेली मैत्रीणही.