आपला माणूस म्हणून कौल द्यायचा का?



दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. खाली लिहिलं होतं, "आपला माणूस उभा आहे. सगळ्यांनी खातं उघडून पाठिंबा द्या. उद्या रात्री मुदत संपते." पाठोपाठ निळी हृदयं, निळे झेंडे, कडक जय भीम. दोघांनी तर विचारलं, कुठल्या वॉर्डातून? वॉर्ड कुठलाच नव्हता. विकिपीडियाच्या एका भारतीय भाषेतल्या आवृत्तीत प्रचालक होण्यासाठी केलेला तो अर्ज होता. भाषा कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. ती चर्चा सगळ्यांना उघडी आहे आणि हे वाचून कुणी त्या मुलाच्या मागे लागावं अशी माझी इच्छा नाही.

मी त्याला आठ वर्षं ओळखते. अभ्यासू आहे, पदरमोड करून जुनी मासिकं आणि स्मरणिका शोधत फिरतो. चळवळीवरचे कितीतरी लेख त्याने एकट्याने उभे केलेत. लिंक आल्यावर पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "ताई, बाकीची पोरं आज खातं उघडतील, त्यांची मतं मोजतीलच असं नाही. तुमचं खातं जुनं आहे. तुमच्या मताला वजन आहे." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. ते "बघते" मला पुढचे चोवीस तास जड गेलं.

ज्यांनी विकिपीडिया फक्त वाचला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे लेख कुणीही लिहू शकतं, दुरुस्त करू शकतं. पण पान कायमचं काढून टाकणं, वादग्रस्त पानाला कुलूप लावणं आणि एखाद्या सदस्याला संपादन करण्यापासून रोखणं ही तीन कामं प्रचालकच करू शकतो. त्याला पगार नाही. नियमाप्रमाणे मजकुराच्या वादात त्याचं मत इतरांपेक्षा मोठंही नाही. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच सांगितलं होतं की हे पद म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकाचं चिन्ह तर चक्क फरशी पुसायचा पोछा आहे. आम्ही सफाई कामगार, असं तिथले प्रचालक कौतुकाने स्वतःला म्हणवून घेतात.

हे वाचून मला हसू आलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात खराखुरा झाडू दिला गेला त्यांना कुणाला घरात घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायचा अधिकार कधी मिळाला? इथे पोछा आणि दाराची किल्ली एकाच हातात आहे. पद मोठं नाही असं ज्याच्याकडे पद असतं त्याला म्हणणं सोपं जातं.

आणि आपल्यासाठी ते लहान नाहीच. जातींवरच्या लेखांत आपापल्या जातीला राजवंशाला जोडण्याची आणि शेजारच्या जातीला खाली ढकलण्याची इतकी चढाओढ चालते की इंग्रजी विकिपीडियाने २०१२ पासून दक्षिण आशियातल्या जातिसमूहांच्या लेखांसाठी प्रचालकांना जादा अधिकार दिले. इंग्रजीत प्रचालक आठशेच्या आसपास आहेत, एकाने चूक केली तर दुसरा बघायला असतो. बऱ्याच भारतीय भाषांत ते दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, त्यातले काही फारसे फिरकत नाहीत. तिथे एक माणूस म्हणजे मोठा अधिकार. जात हा शब्द गाळून इतिहास लिहिणाऱ्यांच्या हातात ही किल्ली वर्षानुवर्षं राहिली तर काय होतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. म्हणून ग्रुपवरच्या पोरांचा उत्साह मला चुकीचा वाटला नाही. प्रतिनिधित्वाची मागणी खरीच आहे.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्या संपादनांचा इतिहास वाचायला बसले. समाजशास्त्रात एम.ए. करताना एक सवय लागली, माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकायचं, पण नोंदवहीही बघायची. विकिपीडियाची नोंदवही निर्दय असते. रात्री दोन वाजता रागाच्या भरात लिहिलेलं वाक्यही तारीख-वेळेसकट तिथेच राहतं.

अर्जाच्या पानावर पाठिंबा देणारे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, एवढी हजारो संपादनं, एवढे शेकडो लेख. मला स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया आठवला. ऑगस्ट २०२० मध्ये उघड झालं की त्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून अधिक लेख अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषाच येत नव्हती. इंग्रजी वाक्यात शब्दकोशातून शब्द बसवत तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला. वाईट हेतू नव्हता त्याचा, बारा वर्षांचा असताना सुरुवात केली होती बिचाऱ्याने. पण तो तिथला प्रचालकही होता. मेहनत बघून अधिकार दिला गेला आणि तपासायला कुणी उरलंच नाही.

आपल्या मित्राची भाषा उत्तम आहे, तो प्रश्न नव्हता. मी शोधत होते ते वेगळंच. याच्याशी कुणी असहमत झालं की हा काय करतो?

पहिल्या तासात बरंच चांगलं सापडलं. बाबासाहेबांच्या लेखात शिवीगाळ घुसवणाऱ्यांना त्याने शांतपणे परतवलेलं होतं. मग एक पान उघडलं आणि माझा हात थांबला. सदस्यनाव ओळखीचं होतं. आमच्याच वस्तीत मी घेतलेल्या कार्यशाळेतली मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद झाली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेला गेलेल्या आपल्या पणजीबद्दल ही मुलगी लेख लिहायला बसली होती. संदर्भ म्हणून तिच्याकडे एक जुनी स्मरणिका आणि आजीच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी. नियमात बसणारा लेख तो नव्हता, मला मान्य आहे. पण वीस मिनिटांत आपल्या मित्राने त्यावर काढून टाकण्याचा साचा लावला आणि कारण दिलं, घरच्या लोकांची जाहिरात. तिने चर्चेत विचारलं, स्मरणिका चालणार नाही का? उत्तर आलं, "आधी नियम वाचून या, हा खेळ नाही." त्यानंतर त्या खात्यावरून एकही संपादन झालेलं नाही.

ती कार्यशाळेला यायची का थांबली हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. परीक्षा असतील असं धरून चालले होते.

असे आणखी चार-पाच प्रसंग निघाले. दर वेळी समोरचा नवा आणि दुबळा. जुन्या, वजनदार सदस्यांशी मात्र त्याची भाषा अगदी मऊ. हातात अधिकार नसताना जो नव्या माणसाशी असा वागतो त्याच्या हातात रोखायचं बटण दिल्यावर काय होईल? आणि नियमांच्या नावाखाली पहिली बाहेर कोण पडेल? जिच्या घराचा इतिहास छापील पुस्तकात आलेला नाही तीच.

विरोधातली मतंही मी वाचली आणि त्यांनीही डोकं फिरलं. तिघांनी लिहिलं होतं, अर्जदार चळवळीतला आहे, म्हणून तटस्थ राहू शकत नाही. वा! म्हणजे ज्याला कधी आपली जात सांगावी लागली नाही तो जन्मतः तटस्थ, आणि ज्याने भूमिका उघड सांगितली तो पक्षपाती. तटस्थता लिहिलेल्या वाक्यात बघायची असते, लिहिणाऱ्याच्या आडनावात नाही. या तिघांच्या रांगेत माझं नाव दिसणार, या विचाराने मी जवळजवळ विरोध सोडून दिला होता.

पण "आपला माणूस" हे कारण कुठवर जातं याचं उदाहरणही समोर होतं. क्रोएशियन विकिपीडियावर साधारण २०११ पासून २०२० पर्यंत कट्टर राष्ट्रवादी प्रचालकांच्या एका गटाचा कब्जा होता. एकमेकांना सांभाळायचं, असहमत सदस्यांना रोखायचं, असं चालू होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोवाच छळछावणीचं वर्णन तिथे सौम्य शब्दांत होत राहिलं. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं की विद्यार्थ्यांनी हा विकिपीडिया वापरू नये. तरी तो गट हलायला आणखी सात वर्षं गेली आणि २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रत्येकाला कुणीतरी "आपला माणूस" म्हणूनच मत दिलं असणार. आपण त्यांच्यासारखे नाही हे खरं. पण रात्रीतून खाती उघडून कौल फिरवायची जी रीत आपण वापरणार होतो, ती उद्या आपल्याविरुद्ध कोण वापरेल आणि त्यांचे ग्रुप किती मोठे आहेत, हेही बघायला हवं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पोरं स्वतःच्या खऱ्या नावाने खाती उघडत होती. संभाजी महाराजांवरच्या लेखावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये विकिपीडियाच्या संपादकांवर गुन्हा नोंदवला, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आपण दरवर्षी संविधान दिनाला ऐकवतो. कितीही मोठा माणूस असला तरी संस्था उलथवता येतील इतके अधिकार त्याच्या हाती सोपवू नयेत, हा इशारा त्यात आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण कमी वाचतो. भिक्खू संघाला गणसंख्या, मतमोजणी, मतपत्रिकेने मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळं ठाऊक होतं, असं बाबासाहेब तिथे सांगतात. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात मतदानाच्या शलाका गोळा करणारा भिक्खू कसा निवडावा हे दिलं आहे. त्याने किती प्रवचनं दिली हे तिथे विचारत नाहीत. आपलेपणाने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने जो वाकत नाही आणि कुणाची शलाका घेतली, कुणाची नाही हे ज्याला नीट कळतं, तो निवडावा. संघापुढे नाव मांडण्याआधी त्याची संमती घ्यावी. शलाका घेण्याच्या तीन रीती आहेत, गुप्त, कानात सांगून आणि उघड.

त्या रात्री हे चार शब्द मी आधी स्वतःला लावून बघितले. आपलेपणा तर होताच. भीतीही होती, कारण हा कौल उघड होता. माझं सदस्यनाव ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. इंग्रजी विकिपीडियानेही हे फार उशिरा ओळखलं. २००७ मध्ये तिथे चारशेहून अधिक प्रचालक निवडले गेले, २०२१ मध्ये दहासुद्धा नाहीत. सात दिवस सगळ्यांसमोर उकरून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी गुप्त मतदानाने निवडणूक घेऊन पाहिली, बत्तीस उमेदवार उभे राहिले, अकरा निवडून आले. त्याच वर्षी प्रचालकाला परत बोलावण्याचीही पद्धत आली, महिन्याभरात पंचवीस सदस्यांनी सह्या केल्या की त्याला पुन्हा कौल घ्यावा लागतो. आमच्या त्या छोट्या विकीवर ना गुप्त मतदान, ना परत बोलावणं. एकदा दिलेलं पद माणूस कंटाळून जाईपर्यंत त्याचंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विरोधाचं मत लिहिलं. तो चळवळीतला आहे म्हणून माझा विरोध नाही आणि ज्यांनी तसं लिहिलं आहे त्यांच्याशी मी असहमत आहे, हे पहिल्याच वाक्यात. नंतर पाच दुवे, प्रत्येक नव्या सदस्याला दिलेल्या उत्तराचा. शेवटी लिहिलं की पद सहा महिन्यांच्या मुदतीचं असेल आणि नंतर पुन्हा कौल होणार असेल तर मी पाठिंबा देईन. ते लिहिण्याआधी त्याला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, त्यांच्यातल्या कुणाची अशी वही तुम्ही कधी तपासली का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तपासली नव्हती. आधीचे प्रचालक निवडले गेले तेव्हा मी खातं असूनही त्या पानावर गेले नव्हते. आपल्या माणसाला जी पट्टी लावली ती मी त्यांना कधीच लावली नव्हती, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. गेल्या महिन्यात मी ते काम सुरू केलं. सध्याच्या प्रचालकांनी काढून टाकलेल्या पानांची नोंद वाचते आहे आणि कारण न देता काढलेल्या पानांबद्दल एकेक प्रश्न चर्चेत विचारते आहे. दोघांनी उत्तर दिलं, एकाने नाही.

अर्ज सहमतीअभावी बंद झाला. नव्या खात्यांची मतं धरलीच नाहीत. ग्रुपवर मला दोन दिवस बरंच ऐकावं लागलं, एका ज्येष्ठ भाऊंनी "घरभेदी" हा शब्दही वापरला. तो मात्र ग्रुपवर काही बोलला नाही, आणि नंतर मला त्याचा फोनही आला नाही.

त्या मुलीला मागच्या रविवारी विहारात गाठलं. स्मरणिकेचं पान स्कॅन करून ठेवलंय, त्या काळच्या वर्तमानपत्रात परिषदेची बातमी शोधू, दोघी बसून लिहू, असं म्हटलं. पणजीचा फोटो अजून आहे का विचारलं. आहे म्हणाली, आजीच्या ट्रंकेत. लिहिशील का, यावर फक्त एवढंच बोलली, "बघते ताई."