तळघरातला सोमवार

आमच्या घरात "बार" हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही यात आठ दिवस गेले. शेवटी म्हटलं, नेसरीची मंडळी वाचतील तर वाचोत, दिवाळीला गेल्यावर काय ते ऐकून घेऊ.

तर झालं असं... मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे न्यू जर्सीत होतो. मामेभाऊ तिकडेच असतो. एका सोमवारी म्हणाला, "दादा, चल, तुला एक तळघर दाखवतो. वाजवतात झकास. पण बार आहे हं, आत्याला सांगू नको."

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात व्हिलेज व्हॅनगार्ड नावाची ही जागा आहे. लाल दार, आणि आत शिरलं की पंधराएक पायऱ्या थेट खाली. मॅक्स गॉर्डन नावाच्या माणसाने १९३५ साली ती सुरू केली. गंमत म्हणजे त्याच साली लिऑन ॲबी आपला जॅझचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला होता. पुढे आपल्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत असं उचललं, की हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही ते जाऊन बसलं.

बार म्हटलं की मला आठवतो तो परमिट रूम. काळ्या काचा, मळका पडदा, आणि खाली मान घालून आत शिरणारी ओळखीची माणसं. इथे तसलं काही नव्हतं. सव्वाशेच्या आतबाहेर माणसं, छोटी छोटी टेबलं, त्यात म्हातारी जोडपीसुद्धा. जेवण मिळत नाही. एक पेय घ्यावं लागतं, पण ते दारूच पाहिजे असं नाही. मी सोडा मागवला. (आई, खरंच सोडा.) वाजवणं सुरू झालं आणि सगळे गप्प. आमच्या देवळातही इतकं गप्प कुणी बसत नाही.

इवल्याशा मंचावर सोळा वादक दाटीवाटीने बसले होते. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. पण एक संथ चीज सुरू झाली, ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझी बोटं टेबलाखाली मांडीवर चालली आहेत. पखवाजाचा हात. तीसेक वर्षांनी.

पखवाज मला काकांनी शिकवला. आमच्या देवळात दर गुरुवारी भजन असायचं. नेसरी म्हटलं की लोकांना प्रतापराव गुजर आणि २४ फेब्रुवारी १६७४ ची खिंड आठवते. मला आठवतात ते डाव्या तोंडाला कणीक थापणारे काका. थापून झाली की एक थाप मारायचे, कान लावायचे, चिमूटभर कणीक काढायचे, पुन्हा थाप. चार वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. पुढे त्यांना दारू लागली. भजनाच्या दिवशी मात्र शिवायचे नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

१९९४ साली मी कोल्हापुरात हॉस्टेलला होतो. काका पखवाज मढवायला आले होते, जाताना मला भेटायला आले. पखवाज धोतराच्या फडक्यात बांधलेला, तोंडाला वास. खोलीतल्या पोरांनी विचारलं, कोण रे हे? मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."

काकांनी ते ऐकलं. म्हणाले, "व्हय, गावचाच हाय मी." आणि पखवाज खांद्यावर घेऊन गेले.

१९९८ साली ते वारले. त्यानंतर गुरुवारचं भजन हळूहळू बंद पडलं. घरात आजही हेच म्हणतात, दारूनं माणूस नेला आणि भजनही नेलं. मीही तेच म्हणत आलो.

मध्यंतरात भावाने त्या वाद्यवृंदाची गोष्ट सांगितली. थॅड जोन्स आणि मेल लुईस या दोघांनी १९६६ च्या फेब्रुवारीत तो इथेच सुरू केला, सोमवारी वाजवायचा म्हणून. मेल लुईस ड्रमवाला. जोन्स पुढे सोडून गेला, लुईस १९९० साली वारला, तरी सोमवार चालूच राहिला. करोनात दारच बंद होतं, तेवढाच काय तो खंड. ड्रमवर दुसरा माणूस बसला, एवढंच.

दुसरा माणूस बसला...

हे ऐकलं आणि सोडा घशाखाली उतरेना. काकांना दारूने नेलं, हे खरंच आहे. पण भजन? काकांच्या जागी बसू शकेल असा एक मुलगा होता की घरात. बुवांनी निरोपही पाठवला होता. मी कळवलं, परीक्षा आहे. परीक्षा होती, पण ती महिन्याभरात संपली. खरं कारण हॉस्टेलच्या दारात होतं. गावाला त्या जागेवर कुठल्या तोंडाने बसणार?

दुसऱ्या खेपेचं वाजवणं ऐकायला आम्ही थांबलो नाही. वर आलो तेव्हा पाऊस पडत होता. भाऊ म्हणाला, आवडलं नाही का? मी म्हटलं, आवडलं.

परवा गणपतीला गावी गेलो तेव्हा माळ्यावरून पखवाज काढला. वाद्या कुजल्या होत्या, शाई उडाली होती. मढवून आणला. हात पूर्वीसारखा पडत नाही, बोटं दुखतात. मंडळातली चार म्हातारी माणसं येऊन बसली, एवढ्यावर भजन सुरू झालं म्हणता येणार नाही. काकू आतल्या खोलीत होत्या, बाहेर आल्या नाहीत. पण दारही लावून घेतलं नाही.

आई म्हणाली, "आत्ताच कुठनं सुचलं रे हे?"

मी म्हटलं, एका ठिकाणी वाजवणं ऐकलं. ते ठिकाण कुठलं, हे तेव्हा सांगवलं नाही.