परक्या देशीं बिऱ्हाड

वासिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर आमचें दाभोळ वसलें आहे. डोंगरांतील गुहेंत चंडिकादेवीचें स्थान, खालीं खाडीकांठीं आदिलशाही अमदानींतील मशीद, आणि या दोहोंमध्यें माडांच्या छायेंत दडलेलीं कौलारू घरें. आज शांत दिसणारें हें गांव एके काळीं पश्चिम किनाऱ्यावरील मोठें बंदर होतें. पंधराव्या शतकांत भारतांत आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतीच्या प्रवासासाठीं येथूनच जहाजावर चढला. त्यानें नमूद केलें आहे कीं, या देशांत परदेशी व्यापारी उतारूंच्या घरीं राहतात आणि घरधनीण त्यांचा स्वयंपाक करिते. पुढें १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज सेनानी आल्मेदा यानें याच बंदराची राखरांगोळी केली. परका मनुष्य दारीं आला असतां स्वागत आणि भय हीं दोन्ही मनांत एकदमच कां उभीं राहतात, हें दाभोळकरांस निराळें सांगावयास नको.

आतां काळाचें चक्र फिरलें आहे. बिऱ्हाड शोधणारे परके आपलींच मुलें आहेत. माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तोक्यो येथें असतो. त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां तेथील भाडेकरूपणाचें शास्त्र जवळून पाहावयास मिळालें.

त्याचें बिऱ्हाड एदोगावा प्रभागांतील नीशी-कासाई या वस्तींत आहे. सन २००० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ भारतीय येथें मोठ्या संख्येनें येऊं लागले, कारण येथून ओतेमाची या पेढ्यांच्या भागापर्यंत थेट आगगाडी जाते. जवळूनच अराकावा नदी संथ वाहते. तिच्या बंधाऱ्यावर सायंकाळीं फिरतांना मला खाडीची आठवण होई.

घर मिळविणें मात्र सोपें नाहीं. भाडें दरमहा एक लाख येन आहे असें समजूं. प्रथम 'शिकिकिन' म्हणजे अनामत, बहुधा एका महिन्याची. मग 'रेइकिन' म्हणजे घरमालकास कृतज्ञतेदाखल द्यावयाची रक्कम. ती कधींच परत मिळत नाहीं. आमच्या मुंबईच्या पागडीची ही धाकटी बहीणच म्हणावयाची! त्यावर दलालाची दलाली, कमाल एक महिन्याचें भाडें व दहा टक्के कर. जामीन राहण्यास आप्त नसल्यामुळें जामीनकीचा धंदा करणाऱ्या मंडळीस आणखी अर्धा महिना. पहिल्या महिन्याचें भाडें धरून चार लाख साठ हजार येन होतात. आगीचा विमा आणि कुलूपबदल वेगळे. खोलीचें माप चटयांच्या संख्येवरून सांगतात, आणि राहावयास गेल्यापासून चौदा दिवसांच्या आंत प्रभाग कचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. सरकारच्या आधारानें चालणाऱ्या 'यू आर' या संस्थेच्या चाळींत मात्र रेइकिन, दलाली व जामीन यांपैकीं कांहींच लागत नाहीं. उत्पन्न किंवा शिल्लक दाखविली म्हणजे झालें. म्हणूनच आपले पुष्कळ लोक तेथें राहतात.

पैसे असूनही दार उघडेलच असें नाहीं. माझ्या मुलास एका दलालानें दूरध्वनीवर मालकाशीं बोलून नम्रपणें सांगितलें, ''मालकांस परदेशी मनुष्य नको आहे.'' बोलणारा कमरेंत वांकून क्षमा मागत होता. परंतु नकार तो नकारच. हा अनुभव एकट्याचा नव्हे. २०१६ च्या अखेरीस न्याय मंत्रालयाच्या वतीनें झालेल्या पाहणींत, मागील पांच वर्षांत घर शोधलेल्या परदेशीयांपैकीं सुमारें ३९ टक्क्यांनीं, केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचें सांगितलें. आणि गंमत पाहा: २०२३ च्या गणनेंत त्याच देशांत सुमारें ९० लाख घरें रिकामीं आढळलीं!

मालकाची बाजूही ऐकिली पाहिजे. तेथील कायद्यानें भाडेकरूस सहजासहजीं काढतां येत नाहीं. ओला कचरा कोणत्या वारीं, सुका कोणत्या वारीं, हे नियम नवख्यास उमगत नाहींत, आणि भाषा न कळल्यानें क्षुल्लक तक्रारीचें भांडण होतें. सहवासानें हें भय ओसरतें, याचा पुरावाही त्याच प्रभागांत आहे. महाराष्ट्रांतून गेलेले योगेन्द्र पुराणिक २०१९ मध्यें एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले. पुढें ते इबाराकी प्रांतांत एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. मतें देणाऱ्यांत भिंतीस भिंत लागून राहणारे जपानी शेजारीच होते.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आपण मुलांस सांगतों. भाडेकरूची तिथि करारांत लिहिलेली असते, म्हणून कीं काय त्याच्या वांट्यास तो मान येत नाहीं. दाभोळास आज कित्येक घरांना कुलुपें आहेत, कारण घरचीं मुलें मुंबईस, पुण्यास, परदेशीं आहेत. गांवीं बदलून आलेला तरुण शिक्षक किंवा पेढीवरील कारकून खोली विचारूं लागला, तर त्यास पहिला प्रश्न आडनांवाचा होतो आणि दुसरा आहाराचा. भाड्याची गोष्ट तिसरी. तोक्योच्या घरमालकावर रागावणाऱ्या आईबापांनीं हा क्रम तेवढा उलटा करावा. आपलें मूल तिकडे ज्या वागणुकीची अपेक्षा करितें, ती इकडे देण्यास एक येनही खर्च होत नाहीं.