विरार ते आगाशी : पायवाटेची नोंद

विरार स्थानकाच्या पश्चिमेस, केळीच्या वाड्यांच्या परिसरात, आगाशी येथे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय आहे. तेथे येणारे साधू-साध्वी वाहन वापरीत नाहीत. अनवाणी विहार करतात. त्यामुळे वाट कशी आहे, हे आधी ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

२००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातील नकाशात कोणीही वाटांची नोंद करू शकतो. वाहनांना बंद असलेला रुंद रस्ता, केवळ चालण्यासाठी बांधलेली वाट, पायांनी मळलेली पाऊलवाट आणि जीवदानीच्या डोंगरावर आहेत तशा पायऱ्या, असे त्यात निरनिराळे वर्ग आहेत. माथेरानसारखी वाहनबंदी वसई-विरारला नाही. येथील अरुंद गल्लीतून माणसांबरोबर दुचाकीही धावते. अशी गल्ली केवळ पादचाऱ्यांची म्हणून नोंदवली, तर विहाराचा मार्ग आखणाऱ्या श्रावकाची फसगत होते. नकाशात इच्छा नव्हे, प्रत्यक्ष स्थिती लिहावयाची असते.

व्यापाऱ्यास हा नियम नवा नाही. न आलेली रक्कम तो खतावणीत जमा दाखवीत नाही. संघातील तरुणांनी ही वाट एकदा स्वतः चालून नोंद तपासली, तर तीही वैयावच्चच ठरेल.