परतीची वाट

न्यूझीलंडातील रोटोरुआ गावाच्या भूगर्भातून अहोरात्र बाहेर पडणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, ज्याचा दर्प प्रवाशाला गावाच्या वेशीवरच जाणवतो, देवघरातील चांदीचे निरांजन काळे करतो तसा मोटारीच्या बॉनेटखालील तांब्याचा पट्टाही काळा करतो. आणि आल्टरनेटर अकाली गेल्याची जी फिर्याद माझ्यासारख्या विजेच्या कारागिराकडे वारंवार येते, तिचे मूळ पुष्कळदा या काळवंडलेल्या तांब्यातच सापडते. समुद्रापासून १३० किलोमीटरहून दूर असे ठिकाण या देशात नाहीच; तेव्हा जेथे गंधक नाही तेथे खारा वारा आहे, आणि नावेचा ट्रेलर पाण्यात उतरवताना मोटारीची मागची चाके समुद्रात बुडवण्याचा प्रघातही आहे. शिवाय १९९८ साली आयात जकात उठली, जुळणीचे कारखाने मिटले, आणि जपानात वापरून झालेल्या मोटारींवर हा देश मोठ्या प्रमाणात विसंबून राहिला; त्या मोटारींच्या तारांचे वय येथे येण्यापूर्वीच सुरू झालेले असते.

आल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड लाल तारेकडे सर्वांचे लक्ष असते, परंतु जितका प्रवाह त्या तारेतून जातो तितकाच बॉडी, इंजिन आणि अर्थच्या पट्ट्यातून परत यावा लागतो, याचे विस्मरण जाणत्या मिस्त्रींनाही होते. या परतीच्या वाटेत एका ओहमचा केवळ शंभरावा भाग रोध उत्पन्न झाला, तर ६० अँपिअरला ०.६ व्होल्ट तेथेच गळतो आणि सांध्यात ३६ वॉट उष्णता होते. आल्टरनेटरमधील रेग्युलेटरला स्वतःच्या अग्रावर १४.४ व्होल्ट दिसतात, म्हणून तो निश्चिंत राहतो. बॅटरीच्या पदरी मात्र १३.८ पडतात. अशी सदैव अर्धपोटी राहणारी बॅटरी हळूहळू निकामी होत जाते, आणि तिची भूक भागवण्याचा भार आल्टरनेटरवर येतो, तोही अनेकदा गर्दीत, मंद फेऱ्यांवर, जेव्हा त्याचा पंखाही मंद फिरत असतो. त्याच्यातील डायोड तापून मरतात ते येथे. पट्टा सैल असून क्षणभर सुटला, तर व्होल्टेजची जी उसळी येते ती त्यांचा निकाल ताबडतोब लावते. भरलेली बॅटरी राखण्यासाठी घडवलेल्या यंत्रावर मेलेली बॅटरी जिवंत करण्याची सक्ती होते, ही माझ्या मते त्याच्यावरची मोठी जुलूमशाही आहे.

इंजिनाचा विणलेला पट्टा वरून धडधाकट दिसतो. टोकाची टोपी उकलली की आत काळी भुकटी आणि शाबूत उरलेल्या चार-दोन तारा हाताला लागतात. ओहममीटर लावला तर तो निर्दोष ठरवतो, कारण त्याचा अतिसूक्ष्म प्रवाह त्या चार तारांतूनही सुखाने जातो. म्हणून मी इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर ठेवून, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून, व्होल्टमीटरचे एक टोक आल्टरनेटरच्या अंगाला व दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीला (तिच्या क्लॅम्पला कदापि नव्हे) लावतो. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला की कसूर परतीच्या वाटेची. मग रंग खरवडून लखलखीत धातू काढावा, कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचा नवा पट्टा घट्ट आवळावा, आणि नंतरच वर ग्रीस लावावे.

आपल्या मोटारीला नवा आल्टरनेटर बसवण्याची शिफारस कोणी केली, तर भाराखालील अर्थचा हा आकडा आधी मागून घ्या, आणि तो समोर मोजला गेल्याशिवाय पैसे मोजू नका.