मूळ संहिता आणि घडीव वस्तू

पोलाद विकत घेणे आणि पोलाद घडवणे यांतील अंतर ज्या गावांनी प्रत्यक्ष अनुभवले, त्यांत भिलाईची गणना करावी लागेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि पुढे राजहऱ्याचे लोहखनिज व नंदिनीचा चुनखडक यांच्या आधारे रेल्वेचे रूळ येथेच तयार होऊ लागले. रूळ परदेशातूनही आणता आले असते. परंतु मग मोडलेल्या वस्तूच्या जागी दुसरी मागवणे, एवढेच हाती उरले असते.

या कारखान्याच्या वसाहतीचा एक भाग असलेल्या रिसालीत, एका मराठी कुटुंबात, हाच प्रश्न अलीकडे निराळ्या सामग्रीच्या निमित्ताने उभा राहिला. वडील रुळांच्या तपासणीच्या कामावरून निवृत्त झालेले. कन्या संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी. आज्ञावलीत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केले. पडद्यावर ओळीने आज्ञा टंकून ते चालवायचे असते. ते तयार स्थितीत विनामूल्य मिळते. तरीही ते मूळ संहितेपासून स्वतः घडवावे, असे त्या कन्येने मनावर घेतले.

“अगं, तयार मिळतं ना ते? मग घरी भट्टी पेटवायची कशाला?” असे वडिलांनी विचारले.

“मिळतं, बाबा. पण ते कशाचं केलंय, हे मला दिसत नाही ना,” ती म्हणाली.

त्यावर ते काही बोलले नाहीत. रुळाच्या पोटातील चीर वरून दिसत नाही, ध्वनिलहरी सोडूनच ती शोधावी लागते, हे त्यांना नोकरीने शिकवले होते.

मूळ संहिता म्हणजे माणसाने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला मजकूर. गिटचा बराचसा मजकूर ‘सी’ भाषेत आहे. कंपायलर हा भाषांतरकार त्याचे यंत्राच्या अंकांत रूपांतर करतो, आणि कोणता भाग कोणत्या भागानंतर घडवायचा याचा क्रम ‘मेक’ हे साधन सांभाळते. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये रचलेले हे साधन, जेवढे बदलले असेल तेवढेच पुन्हा घडवते.

पहिल्याच प्रयत्नात काम अडले. झेडलिब नावाच्या लायब्ररीची हेडर फाइल सापडत नव्हती. लायब्ररीची चालती प्रत यंत्रात होती. परंतु तिच्या आधारे नवे काही रचण्यासाठी लागणारा परिचय-मजकूर नव्हता. तो वेगळा मागवावा लागतो. वापरणाऱ्याला जे पुरते ते घडवणाऱ्याला पुरत नाही, हा धडा त्या एका त्रुटीच्या ओळीने दिला. उणीव भरून काढल्यावर फाइलींची नावे एकामागून एक पडद्यावरून सरकू लागली. मग चाचण्यांची लांबलचक रांग पार पडली आणि साधन सिद्ध झाले.

तथापि येथे समाधान मानावे तर शंका उरतेच. गिटची मूळ संहिता ज्या गाठोड्यातून मिळते, ते पुष्कळदा ‘एक्सझेड’ या दुसऱ्या साधनाने आवळलेले असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की, एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवलेली आहे. दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा विसंगतीवरून त्यांनी तिचा माग काढला होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ नेमस्त सहकाऱ्यासारखे काम करून विश्वास संपादन केला होता. चोरवाटेचा ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. परंतु त्याला जाग आणणाऱ्या ओळी सर्वांना दिसणाऱ्या नोंदीत नव्हत्या, केवळ वाटपाच्या गाठोड्यातील बांधणीच्या सूचनांत होत्या. म्हणजे मूळ संहितेपासून घडवणाराच येथे फसला असता.

पोथ्यांच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. त्यांच्या परिभाषेत हा प्रक्षेप होय. मूळ म्हणून हाती येते तीही एक प्रतच असते, आणि प्रत करताना भर पडू शकते. केन थॉम्प्सन यांनी तर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, संहिता निर्दोष असली तरी भाषांतर करणारा कंपायलरच आपल्याकडून भर घालू शकतो, आणि पुढच्या कंपायलरलाही ती खोड लावू शकतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. परस्परांचा संपर्क नसलेल्या परंपरा जेथे जुळतात तेथील पाठ प्राचीन मानावा, हे त्या कार्याचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांचे एक मूलभूत सूत्र होते. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकच शब्द सांगत असतील, तर त्या शब्दाचे वजन वाढते. संगणकाच्या जगातही डेबियनसारख्या समूहांनी असाच प्रयत्न चालवला आहे: निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या यंत्रांवर, एकाच संहितेपासून घडवलेली वस्तू शेवटच्या अंकापर्यंत सारखी निघावी. निघाली नाही, तर कोठेतरी हात लागला आहे, असे समजून शोध घ्यायचा.

अशा जुळणीचे साक्षीदार जितके दूरदूरचे, तितकी ती बळकट. सर्वांनी एकाच ठिकाणची तयार वस्तू घेतली, तर लाखो प्रती असूनही साक्ष एकच राहते. रिसालीच्या एका खोलीत कोणी रात्री बसून जे पुन्हा घडवते, त्याने साधनाच्या गुणांत काडीचीही भर पडत नाही. पडद्यावर तीच आज्ञा, तेच उत्तर. परंतु ते उत्तर बरोबर आहे काय, असे विचारले गेले, तर सांगू शकणाऱ्यांत आणखी एकीची भर पडते.